तेलाखालच्या तीन नळ्या

मावशीच्या उजव्या हाताची करंगळी सरळ होत नाही. चहाचा कप धरला तरी ती आत वळलेलीच, तळहाताशी काहीतरी दाबून धरल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, सांधा आखडलाय. सांधा कसला आखडतोय! एकतीस वर्षं त्या करंगळीत मावशीनं कापसाचं बूच धरलंय. डाव्या हातात दोन काचेच्या नळ्या, उजव्या हातात तारेचा आकडा, समोर बर्नरची निळी ज्योत. बूच टेबलावर ठेवायचं नाही, ठेवलं की घाण लागलीच. ते करंगळीनं ओढायचं, तळहाताशी दाबायचं, काम झालं की नळीचं तोंड ज्योतीवरून फिरवून परत बसवायचं. दिवसाला साठ नळ्या. तुम्ही एकदा करून बघा, मग सांध्याबद्दल बोला.

तिच्याबद्दल कुठल्या पेपरात दोन ओळी येणार नाहीत हे मला माहीत आहे, म्हणून मी लिहितेय. माझं शिक्षण सातवीपर्यंत. बाकीचं मोर्चात, कचेऱ्यांच्या दारात आणि मावशीच्या स्वयंपाकघरात झालं. शास्त्रात चूक निघाली तर ती माझी. मावशीत निघणार नाही, असं मी दोन वर्षांपूर्वी छातीठोकपणे सांगितलं असतं. सांगितलंच होतं. सगळं तिथंच बिनसलं.

मी तिच्या वरच्या मजल्यावर राहते, पंधरा वर्षं झाली. शेतकी संशोधन संस्थेच्या मागच्या अंगाला, भंगार खुर्च्यांच्या ढिगाऱ्यापलीकडे, ‘जिवाणू संग्रह’ अशी पाटी असलेली एक खोली होती. तिथं ती आणि तिचा नवरा कामाला. ती मदतनीस, तो शिपाई. संस्थेत तिला सगळे नळीबाई म्हणत. तोंडावर नाही. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती.

पहिल्यांदा तिनं मला गाठ दाखवली ती तिच्या खिडकीतल्या डब्यात. घेवड्याचं रोप उपटलं आणि मूळ माझ्या नाकाखाली धरलं. मुळाला मोहरीएवढे गोळे.

“कीड लागलीय,” मी म्हणाले.

“तुझ्या डोक्याला लागलीय,” मावशी म्हणाली. “ही गाठ. आत जिवाणू राहतात. हवेतलं नत्र धरून झाडाला खाऊ घालतात, झाड त्यांना साखर देतं. खताची पिशवी नको की काही नको.”

नखानं तिनं एक गाठ फोडली. आत लालसर, कच्च्या मांसासारखं.

“लाल निघाली म्हणजे आत काम चालू आहे. पांढरी निघाली तर आत बसून फुकट खातायत.”

“आमच्या संघटनेच्या कमिटीतल्या दोघांसारखे.”

“तुझ्या कमिटीत तू धरून तीन आहेत, ना?”

अशी बाई. पण जिवाणूंबद्दल बोलायला लागली की आवाज बदलायचा. एका मुळावर पाच गाठी असल्या तर आत पाच वेगळी घराणी असू शकतात, ती सांगायची. एक खारं पाणी सोसतं, दुसरं कोरडी माती सोसतं. एक झटपट वाढतं, एक उशिरा जागं होतं पण शेंग भरेपर्यंत झाडाची साथ सोडत नाही. वरून सगळे सारखेच, पांढरट चिकट ठिपके. आतलं वेगळं. आणि साल कसं निघेल ते कुणाला ठाऊक, म्हणून मुळाला सगळेच लागतात.

हे तिला शिकवलं ते संग्रह सुरू करणाऱ्या जुन्या साहेबांनी. नदीच्या मुखाशी खारवट जमिनीचा एक पट्टा होता. तिथं लोक पिढ्यानपिढ्या घेवडा लावत, खताचा दाणा न घालता, आणि तो यायचा. साहेब, मावशी आणि तिचा नवरा तीन हंगाम तिथल्या शेतांतून मुळं काढत हिंडले. साहेबांचा नियम एकच होता: एका मुळाच्या सगळ्या गाठी एकत्र चेचायच्या आणि एका नळीत घालायच्या. घरातली माणसं वेगळी करायची नाहीत. अशा तीनशे चाळीस नळ्या झाल्या. नळीतलं खाणं तीन महिन्यांत सुकतं, म्हणून दर तीन महिन्यांनी थोडं उचलून नव्या नळीत घालायचं. याला ते ‘नळी बदलणं’ म्हणत.

त्या पट्ट्यावर आता गोदामं आहेत. सिमेंट टाकलंय. तिथल्या मातीतलं जे काही उरलं, ते त्या खोलीत उरलं.

साहेब निवृत्त झाले. नवे आले, त्यांनी मावशीला पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला शिकायला पाठवत होतं. तिथं तिला सांगितलं की नळीत भेसळ म्हणजे गलिच्छपणा. नळीतलं थोडं काचेच्या प्लेटवर पसरायचं, वेगवेगळे ठिपके उगवले की त्यातला एकच, चांगला भरलेला, चकचकीत ठिपका उचलायचा. त्याला शुद्ध म्हणतात. परत आली ती प्रमाणपत्र घेऊन. ते फ्रेम करून भिंतीवर लावलं, लग्नाच्या फोटोच्या शेजारी. लग्नाचा फोटो थोडा सरकवावा लागला.

त्या दिवसापासून तिनं नळ्या शुद्ध करायला घेतल्या. बावीस वर्षं, वर्षातून चार वेळा. दर वेळी एकच ठिपका, सगळ्यात गुबगुबीत असेल तो. एकदा तापानं फणफणलेली असताना मी म्हटलं, एक दिवस राहिलं तर काय बिघडतंय? ती म्हणाली, “बिघडत नाही. मरतं.” आणि गेली.

तिचा नवरा मात्र दुसऱ्या मातीचा. त्याच्याकडे फ्रीजमधला सगळ्यात खालचा कप्पा होता, चौसष्ट नळ्यांचा. तीन-तीन महिन्यांनी ताटकळत बसायचं त्याच्या जिवावर यायचं. जुन्या साहेबांनी कधीतरी दाखवलेली युक्ती त्यानं पकडून ठेवली होती: उकळून निर्जंतुक केलेलं पातळ पॅराफिनचं तेल नळीत वरपर्यंत ओतायचं. आत हवा कमी, वाढ मंद, नळी वर्षानुवर्षं बदलायला नको. तेल ओतून हा मोकळा. मग बाहेर भंगार खुर्चीवर बसून शेंगदाणे.

त्यांची भांडणं मी वरच्या मजल्यावरून ऐकलीत. खोलीतलं भांडण ते घरी घेऊन यायचे.

“अहो, तुमच्या नळ्यांत दहा जातीची खिचडी आहे. कुणी तपासायला आलं तर माझी मान खाली!”

“राहू दे की खिचडी. आपण नाही एका खोलीत सात जण वाढलो? मेलं का कुणी?”

“लोक डोळ्यात तेल घालून काम करतात—”

“तू डोळ्यात घाल, मी नळीत घालतो. तेल तेच.”

ती ताट आपटायची. तो हसायचा. नळीवर चिठ्ठी लावायची ती सुद्धा हा माणूस धड लावायचा नाही. शेत, दिशा, तारीख लिहिलं की बास. पण हा पुढे आपलं काहीतरी घुसडायचा. एका नळीवर होतं: ‘बांधाजवळचं शेत, ऊन कडक, बायको रागावलेली.’

अकरा वर्षांपूर्वी तो गेला. खुर्चीतून उठला, बसला, आणि संपलं. तेराव्या दिवशी मावशी कामावर हजर. मी सोबत गेले होते, ती पडेल-बिडेल म्हणून. तिनं फ्रीज उघडला, खालचा कप्पा बाहेर काढला आणि मला म्हणाली, “ह्यांचं काम अर्धवट राहिलंय. मी पुरं करते. कुणी नाव ठेवायला नको माणसाला.”

महिनाभर ती त्याच्या नळ्या साफ करत होती. तेल काढायचं, प्लेटवर पसरायचं, एक ठिपका उचलायचा, नव्या नळीत घालायचा, नीट चिठ्ठी लावायची. जुनी नळी वाफेच्या भांड्यात उकळून धुऊन टाकायची. चौसष्टातल्या एकसष्ट केल्या. तीन राहिल्या. त्या तिन्हींवर त्याचं असलं काहीतरी लिहिलेलं होतं, आणि नळी धुतली की चिठ्ठी जाते. तिनं त्या फ्रीजच्या अगदी मागं सरकवल्या. मला वाटलं, आठवण म्हणून. तिलाही तेच वाटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी संचालकांनी खोली बंद करायची ठरवली. जागा हवी होती. संग्रहातल्या चार-पाच ‘उत्तम’ नळ्या मोठ्या संस्थेच्या फ्रीजरमध्ये पाठवायच्या, बाकीच्या नष्ट. बैठक बोलावली, आणि मी खारवट जमिनीवरच्या शेतकऱ्यांच्या संघटनेकडून तिथं जाऊन बसले. मला कुणी बोलावलं नव्हतं. मला सहसा कुणी बोलावत नाही.

संचालक माणूस वाईट नव्हता. शांतपणे म्हणाला, “ह्या नळ्यांचा कुणाला उपयोग झाल्याचा एक तरी कागद आहे का?”

“कागद नसेल, पण नळ्या आहेत!” मी उठून उभी राहिले. “तुम्ही एसीत बसून घराणी बुडवायला निघालात! करा परीक्षा. लावा घेवडा, घाला ह्या बाईच्या नळीतलं, आणि बघा गाठी धरतात की नाही. एकाही झाडाला लाल गाठ आली नाही तर कुलूप मी स्वतः आणून देते!”

मावशी माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझा पदर ओढला नाही, गप्प बस म्हणाली नाही. ताठ बसली होती. तिच्या चेहऱ्यावर, खोटं कशाला बोलू, अभिमान होता.

“ठीक आहे,” संचालक म्हणाले. “साठ नळ्या. चिठ्ठ्या टाकून निवडू.”

परीक्षा सोपी असते. धुतलेली वाळू बाटलीत भरायची. त्यात नत्र सोडून झाडाला लागणारं बाकी सगळं घालायचं. बी लावताना त्यावर नळीतल्या जिवाणूंचं पाणी टाकायचं. जिवाणू कामाचे असले तर ते नत्र आणतील आणि झाड हिरवं राहील. सोबत दोन बाटल्या ताडून बघायला: एकीत जिवाणूंऐवजी नत्राचं खत, एकीत काहीच नाही. संस्थेत नुकतीच लागलेली एक संशोधक मुलगी हे बघणार होती. ती जिवाणूंची जनुकं वेगळी काढून त्यांच्या पट्ट्यांचे नमुने पाडायची, म्हणून मावशी तिला पट्टीवाली म्हणायची. पोरगी गोड होती. मावशीच्या नळ्यांना हात लावायच्या आधी हात धुवायची.

पहिला आठवडा सगळी रोपं सारखी. बियांतलं स्वतःचं खाणं असतं तोवर सगळीच हिरवी. मी रोज जायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, “बघा, बघून घ्या.”

दुसऱ्या आठवड्यात खालची पानं फिकी पडली.

“ऊन कमी पडतंय,” मावशी म्हणाली. बाटल्या खिडकीकडे सरकवल्या.

तिसऱ्या आठवड्यात पिवळी. खत घातलेलं रोप हिरवंगार, आणि काहीच न घातलेलं रोप पिवळं. मावशीच्या साठ बाटल्या त्या पिवळ्या रोपाच्या शेजारी ठेवल्या तर कुठलं कोणतं ते ओळखता येईना. मी ओळीतून दोनदा फिरले.

ओळीच्या शेवटी मात्र तीन बाटल्या जास्तीच्या होत्या. एक पिवळी, दोन हिरव्या.

“मावशी, ह्या बघ! ह्या हिरव्या आहेत!”

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. “त्या माझ्या नाहीत,” ती म्हणाली. “ह्यांच्या आहेत. सहज लावल्या होत्या. ते पण बिचारे असू देत परीक्षेला, म्हणून.”

तिसाव्या दिवशी संचालकांसमोर रोपं उपटली. पट्टीवाली मुळं पाण्यात धुऊन पांढऱ्या ट्रेमध्ये मांडत गेली. एक्कावन्न रोपांची मुळं साफ, धुतलेल्या दोऱ्यासारखी. नऊ रोपांना बारीक गाठी आल्या होत्या. मावशीनं नऊच्या नऊ स्वतः नखानं फोडल्या. पांढऱ्या. सगळ्या पांढऱ्या.

मग त्या दोन हिरव्या. मुळं गाठींनी लगडलेली. तिनं एक फोडली. लाल रंग तिच्या नखात शिरला. तिनं दुसरी फोडली नाही.

“असं कसं झालं?” ती पट्टीवालीला म्हणाली. आवाज अगदी साधा होता. “मी एक दिवस खाडा केला नाही गं.”

पोरीनं आठवडाभर पट्ट्या पाडल्या, मग मावशीच्या घरी आली. मीही बसले होते. तिला सांगायचं जिवावर आलं होतं, हे कळत होतं. दोनदा पाणी मागितलं.

“मावशी, गाठ धरायची विद्या ह्या जिवाणूंच्या अंगात वेगळी असते. पाठीवर गाठोडं असतं ना, तसं. मातीत, मुळाजवळ ते गाठोडं लागतं. नळीत आयतं खायला मिळतं, तिथं ते नुसतं ओझं. एखाद्याच्या पाठीवरून ते पडलं, की तो हलका होतो, भरभर वाढतो. त्याचा ठिपका मोठा होतो.”

“गुबगुबीत,” मावशी म्हणाली.

“हो.”

“चकचकीत.”

पोरीनं मान डोलावली.

“म्हणजे गाठोडं टाकून पळालेला, तोच मी दर वेळी उचलला.”

“एकदा-दोनदा नसतं काही झालं, मावशी. पण दर वेळी एकच, आणि इतकी वर्षं... तुमच्या नळ्यांत आता एकेकच घराणं आहे, आणि पट्टीत जिथं ती विद्या दिसायला हवी ती जागा रिकामी आहे. काकांच्या एका नळीतून मी वीस ठिपके उचलले. त्यात सात वेगळे नमुने निघाले. तेलाखाली ते वाढलेच नाहीत फारसे, म्हणून काही टाकलंही नाही.”

मावशी भिंतीकडे बघत होती. प्रमाणपत्राकडे की लग्नाच्या फोटोकडे, मला कळलं नाही.

“एकसष्ट,” ती म्हणाली. “ह्यांच्या एकसष्ट नळ्या मी ह्या हातांनी धुतल्या.”

माझं डोकं फिरलं. अशा वेळी मला राग येतो, दुसरं काही येत नाही. संग्रहाचा नियम मी तोवर शोधून काढला होता: दर दोन वर्षांनी प्रत्येक नळीतले जिवाणू एकदा झाडावर चढवायचे, गाठीतून परत काढायचे. म्हणजे विद्या शाबूत राहते. वीस वर्षांत एकदाही केलं नाही. त्यासाठी रोपं वाढवायचं काचघर साहेबांच्या गाड्या ठेवायला दिलं होतं! मी म्हणाले, “हे मी छापते. एकेकाचं नाव घेऊन छापते. आणि तो अहवाल तूर्त बाहेर जाऊ द्यायचा नाही. बाटल्या खराब होत्या म्हणू, पुन्हा परीक्षा मागू, दोन वर्षं सहज काढू—”

“भांडकुदळे,” मावशी म्हणाली, “खाली बस.”

मी बसले.

“काचघर त्यांनी दिलं नाही, खरंय. लिही ते, सोडू नकोस. पण मी मागितलंही नाही. वीस वर्षं माझ्या नळीतलं झाडाला घालून मी एकदाही मूळ उपटून बघितलं नाही. नळी स्वच्छ दिसली की मला बरं वाटायचं. आणि ह्यांना, नळीची स्वच्छता बघत नाहीत म्हणून, मी रोज बोलले. जेवताना बोलले. गेले त्या दिवशी सकाळीसुद्धा बोलले.”

पोरगी रडायला लागली. मावशीनं उठून तिला तोंड पुसायला टॉवेल दिला.

खोली रिकामी करायचा दिवस ठरला. काम बाहेरच्या माणसांना द्यायचं होतं. मावशी म्हणाली, माझ्या नळ्यांना दुसऱ्याचा हात लागायचा नाही. तीन दिवस ती तीनशे सदतीस नळ्या वाफेच्या भांड्यात लावत होती. मी मदतीला होते, म्हणजे दारात उभी होते. भांड्याची शिट्टी झाली की ती नळ्या काढायची, करंगळीनं बूच ओढायची, आतलं ओतायची, धुवायची, उलट्या ठेवायची. सवयीनं बूच तळहाताशी दाबून ठेवायची. मग तिच्या लक्षात यायचं, आणि ते बादलीत टाकायची.

शेवटी संचालकांनी कागद पुढं केला. ‘नष्ट करण्याचे कारण’ असा रकाना होता.

“तांत्रिक कारण, एवढंच लिहा,” ते हळू आवाजात म्हणाले. “कुणी विचारणार नाही.”

मावशीनं पेन घेतलं आणि लिहिलं: ‘झाडावर तपासणी झाली नाही. मी नळी बदलताना दर वेळी एकच ठेवला, बाकीचे टाकले.’ खाली सही केली. संचालकांनी तो कागद वाचून फायलीत लावला.

कुलूप मी आणलं नाही. माझ्या तोंडानं कबूल केलेलं, पण हात धजला नाही. संस्थेनं त्यांचं लावलं.

दोन हिरव्या बाटल्यांच्या नळ्या पट्टीवाली बर्फाच्या पेटीतून मोठ्या संस्थेत घेऊन गेली. तिथं त्यांना नंबर मिळाले. खारवट पट्ट्यातली सगळी घराणी आता त्या दोन नंबरांत आहेत, जी काय उरली ती. तिसरी नळी, जिचं रोप पिवळं पडलं होतं, तिच्यात काहीच जिवंत नव्हतं. ती मावशीनं मागून घेतली. स्वयंपाकघरात, चहाच्या डब्याशेजारी, एका पेल्यात उभी केलीय. तेल पिवळं झालंय, बूच काळवंडलंय, काचेवर धूळ बसलीय. चिठ्ठीवरचं अक्षर अजून वाचता येतं: ‘बांधाजवळचं शेत, ऊन कडक, बायको रागावलेली.’

परवा चहा घेताना मी ती पुसायला फडकं उचललं.

“हात लावू नकोस,” मावशी म्हणाली. करंगळी कपाशी वळलेलीच होती. “राहू दे तशीच. मला आता काही साफ करायचं नाही.”